खोकल्याची दाद

ओर्सेताला तिच्या आईने जन्मतःच अनाथाश्रमाच्या भिंतीतल्या कोनाड्यात सोडलं होतं, आणि त्याचा राग तिने कधी लपवला नाही. व्हेनिसच्या त्या आश्रमातल्या मुली चर्चमध्ये जाळीआड उभ्या राहून गायच्या. ओर्सेताच्या वाट्याला यायचं देवाच्या कोपाचं मोटेट, म्हणजे चर्चमधलं लॅटिन गाणं. एकटीने गायचं, तेही सगळ्यात वरच्या पट्टीत. सुरुवातीला आवाज वीज कोसळावी तसा सरसरत खाली यायचा, मध्ये रडून माफी मागायचा आणि शेवटी नुसत्या 'आलेलुया'वर नाचायचा. माफीचा भाग गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तिच्याकडून किती घोटून घेतला! कोप मात्र शिकवावा लागला नाही. चर्चमध्ये टाळी वाजवायची सोय नसल्यामुळे लोक खोकून दाद द्यायचे. ओर्सेताचं गाणं संपलं की अख्खं चर्च डांग्या खोकला झाल्यासारखं खोकायचं.

त्या खोकणाऱ्यांतच वल्ही घडवणारा झानेतो होता. जाळीआडचं तोंड न बघताच त्याने मागणी घातली. पण आश्रमाचा मेला नियमच असा, की लग्न करून जाणारीने पुन्हा लोकांसमोर गायचं नाही. विश्वस्त सेर लुनार्दोने तिच्याकडून शपथ घेतली आणि तारण म्हणून झानेतोचं दुकान लिहून घेतलं.

लग्नानंतर वर्षभर ती गायली नाही. सार्डिन मासे साफ करायची, कांदा परतायची आणि भांडी आपटायची. शेवटी झानेतोच वैतागला.

"अगं बाई, गा एकदाची! दुकान गेलं तर गेलं. घरात एक ताट धड उरलं नाही."

मग काय! कालव्यावरची खिडकी उघडून तिने कोप सुरू केला. खाली होड्या थांबायला लागल्या. आठवड्याच्या आत सेर लुनार्दो स्वतः येऊन थडकला.

"शपथ मोडलीस! लोकांसमोर गातेस!" तो होडीतूनच गरजला.

"गाते कुठं, साहेब? नवऱ्यावर ओरडते. त्यालाही तुमची परवानगी लागते का?"

"लॅटिनमध्ये?"

"म्हणजे मेल्याला उलट बोलता येत नाही."

झानेतोने मागून गरीब चेहरा करून मान डोलावली. होड्यांमध्ये हशा पिकला. सेर लुनार्दो लालबुंद झाला.

"दोन साक्षीदार मिळाले की बस! उद्या दुकानाला कुलूप लावतो की नाही बघ!"

ओर्सेताने हातातली मासे कापायची सुरी खाली ठेवली. दुकान जायचंच असेल तर गाणं अर्धं कशाला? तिने कोप गायला, जन्मापासूनचा सगळा सेर लुनार्दोच्या डोक्यावर ओतला. माफीचा भाग सरळ गाळला आणि थेट 'आलेलुया' धरला.

गाणं संपलं. सेर लुनार्दो होड्यांकडे वळला.

"बोला! हिला गाताना कुणी कुणी ऐकलं?"

"गाणं? कुठलं गाणं?" भाजीवाली म्हणाली आणि खोकली. तिच्यामागचा कोळी खोकला. मग होडीहोडीतून खोकला उठला.

"तू सांग रे," त्याने स्वतःच्याच होडीवाल्याला दरडावलं. "तू तर माझ्या शेजारी उभा होतास."

"सर्दीने कानाला दडे बसलेत, साहेब," तो म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्याने खोकला.