तपासणी फक्त चौघांची

मॅडमनी हातात निळे ग्लोव्हज घातले होते. आमच्या लाइनवरचेच. डबी त्यांनी दोन बोटांत धरली आणि माझ्या तळहातावर वरून सोडली. पांढरी प्लास्टिकची डबी, लाल झाकण, झाकणाला आतून चिकटलेला एवढासा चमचा.

"मावशी, उद्या सकाळचं पहिलं आणायचं. झाकण घट्ट लावा. आणि कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये ठेवू नका हं कुणी!"

जेवणाची सुट्टी होती. अख्खं कॅन्टीन भरलेलं. पहिल्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. माझ्यासमोर डबा उघडा होता, भाकरी आणि मेथीची भाजी. एका हातात घास. दुसऱ्या हातात शौच तपासायची डबी.

माझं नाव गळ्यातल्या कार्डावर होतं. मराठीत आणि इंग्रजीत. अकरा वर्षं तेच कार्ड. तरी मी मावशी. मॅडम एचआरच्या, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. मी एकोणचाळीस. मावशी म्हणायला माझी हरकत नसते. पण ही मावशी मायेची नव्हती. धुण्याभांड्याच्या बाईला मारतात ती हाक होती.

मी चाकणला कामाला आहे. गाडीच्या आत वायरींची जाड वेणी असते, दिव्यापासून ब्रेकपर्यंत सगळीकडे जाणारी, ती आम्ही बनवतो. लाइनवर बहुतेक बायकाच. मी मूळची लातूरकडची. लग्न होऊन इकडं आले, रहाटणीत दोन खोल्या आहेत. नवरा टेम्पो चालवतो.

डबी हातात आली त्याचं कारण माझं एक चांगलं काम. तेही सांगते.

मागच्या दिवाळीनंतर वायरीच्या टोकाला बसवायच्या पिना नव्या आल्या. चौथ्या-पाचव्या वायरीलाच बोटांना कळलं, पकड ढिली आहे. सुपरवायझर म्हणला, "चालू दे, टार्गेट हाय." मी लाल बटण दाबलं. लाइन बंद. माझ्यावर आरडाओरडा झाला. मग तपासलं तर अख्खा लॉट ढिला. तशाच वेण्या गाड्यांत गेल्या असत्या तर रस्त्यात कुणाचे दिवे गेले असते, कुणाचा ब्रेक. ज्या कंपनीला आम्ही माल देतो, तिथले लोक येऊन माझ्याशी हात मिळवून गेले. त्यांनी हात मिळवताना ग्लोव्हज घातले नव्हते.

म्हणून बक्षीस. सिंगापूरहून निघणारं मोठं जहाज, पाच दिवस, मध्ये दोन बंदरं. कंपनीचे साहेब लोक, त्यांच्या बायका-मुलं, आणि लाइनवरचे आम्ही चार. मी, शबाना, अंकुशभाऊ आणि स्टोअरमधले एक काका. आम्हाला घरचं माणूस न्यायची परवानगी नव्हती. ते मी ऐकून घेतलं. बक्षीस आहे, मिळतंय तेवढं बघू, असं वाटलं. माणूस आधी असंच गिळतं.

पासपोर्ट काढला. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले. शेजारच्या दोघींनी साक्षीला सह्या दिल्या. निळं पुस्तक हातात आलं तेव्हा त्यातला माझा फोटो मी किती वेळा बघितला, मोजलं नाही. मग मॅडमनी चौघांचे पासपोर्ट कपाटात ठेवून घेतले. "तुमच्याकडून हरवतील." साहेबांचे मात्र साहेबांकडेच राहिले.

डबीच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला फर्स्ट एडच्या खोलीत बोलावलं. दार उघडंच. नर्सताई बिचारी खाली बघत होती. मॅडम बाजूला उभ्या राहून कागदावर टिक करत होत्या. नखं दाखवा. केस मोकळे करा, उवा बघायच्यात. अंगावर चट्टे आहेत का, पाठ दाखवा. शबानानं ओढणी धरून ठेवली. म्हणली, "दार तर लावा." मॅडम म्हणल्या, "दोन मिनिटांचं काम आहे, उगाच इश्यू करू नका."

मग मला प्रश्न. "मावशी, संडास घरात आहे की वस्तीचा?"

बाहेर शिफ्ट बदलत होती. माणसं जात-येत होती.

"घरात," मी म्हणलं.

"नक्की ना? जहाजावर परदेशी लोक असतात. तुमच्यामुळे कुणाला काही व्हायला नको. सगळं कंपल्सरी आहे, पोर्टवर विचारतात."

मी केस बांधले. गावाकडं आम्हाला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. आई ओंजळ धरून उभी राहायची. ते आठवलं. तिथून तीनशे किलोमीटर लांब येऊन, अकरा वर्षं घाम गाळून, मी पुन्हा ओंजळ धरूनच उभी होते.

अंकुशभाऊंनी आणि काकांनी डब्या भरून दिल्या. अंकुशभाऊ मला म्हणले, "ताई, एक डबी द्यायची आन् जहाज बगायचं. काय बिघडतंय?" माणूस वाईट नाही. इंद्रायणीकाठच्या गावचा, रांजणगावपलीकडं कधी गेलेला नाही. त्यांना समुद्र बघायचा होता. पण मी डबी भरली नाही. शबानानंही नाही.

कंपल्सरी. हा शब्द माझ्या डोक्यात अडकला.

चिंचवडचा एक ट्रॅव्हलवाला सगळं बघत होता. त्यानं सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकले होते. आम्ही चौघं ते उघडणार नाही, हे मॅडमनी गृहीत धरलं होतं. आमच्या वतीनं त्याच भरणार होत्या. मी ते फॉर्म कंपनीच्या बसमध्ये वाचायला घेतले. बारावीपर्यंत मराठी शाळा माझी. अडलेला शब्द मोबाईलमध्ये टाकायचा, अर्थ बघायचा, पुढं जायचं. चाकण चौकात बस अर्धा-अर्धा तास हलत नाही. त्या ट्रॅफिकनं जन्मात पहिल्यांदा माझं भलं केलं. चार दिवसांत सगळे कागद वाचून झाले.

पासपोर्ट अजून सहा महिने चालणारा हवा. व्हिसा हवा, आणि जहाज परत सिंगापूरलाच येणार म्हणून दोनदा आत जाता येईल असा हवा. तिथं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारच्या साइटवर माहिती भरायची, तब्येतीचे प्रश्न त्यातच. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला, पण अमुक देशांत जाऊन आलेल्यांनाच. जहाजाचा स्वतःचा एक कागद, ताप आहे का, खोकला आहे का, दोन-तीन दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या का. पोटुशी असाल तर कितवा महिना.

संपलं.

उवा नव्हत्या. नखं नव्हती. पाठ नव्हती. संडास कुणाचा, हे तर कुठल्याच देशानं विचारलं नव्हतं. डबी कुठंच नव्हती.

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा शबानाला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणली, "ताई, म्हणजे आपल्याला घाण समजतात."

"व्हय," मी म्हणलं.

निघायच्या तीन दिवस आधी वरच्या मजल्यावर मीटिंग होती. काचेची खोली, मोठं टेबल. टेबलाभोवती साहेब आणि त्यांच्या बायका. आम्हा चौघांना भिंतीकडच्या खुर्च्या. ट्रॅव्हलवाला लॅपटॉप लावून सगळ्यांची माहिती साइटवर भरत होता. मोठे साहेब, म्हणजे आमचे प्लांट हेड, कडेला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, समोर लिंबूपाणी. दोन दिवस ते फ्लोअरवर आले नव्हते. शनिवारच्या फार्महाऊसच्या पार्टीनंतर त्यांचं पोट बिघडलंय, हे गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत होतं.

ट्रॅव्हलवाल्यानं विचारलं, "सर, ताप, जुलाब, उलट्या, काही?"

साहेबांनी नाही अशी मान हलवली. मॅडम लगेच म्हणल्या, "नो, नो, सर फिट आहेत. नो टाका."

त्यानं नो टाकलं. मग मॅडम आमच्याकडं वळल्या. "मावशी, शबाना, तुमचे रिपोर्ट अजून आले नाहीत. तुमच्यामुळे सगळं अडलंय. उद्या डबी नाही आली तर सॉरी."

मी उठले.

ट्रॅव्हलवाल्याला विचारलं, "दादा, जहाजासाठी शौचाची तपासणी लागते का?"

तो गोंधळला. मॅडमकडं बघितलं, मग माझ्याकडं. "नाही ताई. असं काही नाही लागत. कुणी सांगितलं?"

"सिंगापूरला लागते?"

"नाही."

"उवा, नखं, पाठ?"

त्यानं परत मॅडमकडं बघितलं. बायकांमधली एक खोकली. मॅडमचा चेहरा लाल झाला. "ही कंपनीची इंटर्नल पॉलिसी आहे."

"मग साहेबांची डबी कुठं आहे?"

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय का?" मॅडम म्हणल्या. आणि मग घाईत, सांगायचं नव्हतं ते सांगून बसल्या. "सरांच्या मिसेसना काळजी वाटत होती. लहान मुलं आहेत सोबत. सगळ्यांनी एकाच बुफेतून घ्यायचं, तेच चमचे, तेच..."

साहेबांच्या बायकोनं पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

तर हे होतं. बंदर नाही, सरकार नाही, जहाज नाही. एका बाईला माझा हात लागलेला वाढायचा डाव नको होता. तिच्या किळसेला कंपनीनं कंपल्सरी असं नाव दिलं, फॉर्म छापला, टिकमार्क मारले. आणि जो माणूस खरोखर आजारी होता, त्याच्यासाठी सरकारी कागदावर खोटं लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत. या लोकांची मला तोवर भीती वाटायची. त्या क्षणी ती गेली. शिल्लक राहिली ती शिसारी. इंग्रजी बोलणारी, अत्तर लावणारी, जुलाब लपवणारी माणसं. हेच आम्हाला महिन्यातून एकदा क्वालिटी शिकवतात.

मी म्हणलं, "मॅडम, तपासणी करायची तर या टेबलावरच्या सगळ्यांची करा. पोरांची, बायकांची, साहेबांची. सगळ्यांच्या डब्या आल्या की माझी येईल. नाहीतर येणार नाही. आणि मी मावशी नाही. नाव कार्डावर आहे."

शबाना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. अंकुशभाऊ फरशीकडं बघत होते.

मोठे साहेब पहिल्यांदा बोलले. आवाज थकलेला, पण तोरा तोच. "आम्ही तुम्हाला संधी दिली. अशा लोकांसाठी काही करायला जावं तर हे असं."

"संधी तुम्ही दिली नाही साहेब. लाइन मी थांबवली होती. तुमचा सुपरवायझर चालू दे म्हणत होता."

ते उठून बाहेर गेले. कुठं गेले ते सगळ्यांना कळलं. मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आमची दोघींची नावं यादीतून काढली. व्हिसा झालेला होता. म्हणजे एका परक्या देशाला मी चालत होते. माझ्याच कंपनीच्या काचेच्या खोलीला चालत नव्हते.

नोटीस बोर्डवर लागलं, दोन कर्मचारी वैद्यकीय कारणामुळे येणार नाहीत. आणि मॅडमनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने सहलीतून माघार घेत आहे.' खाली माझं नाव, पुढं रिकामी रेघ.

"फॉर्मॅलिटी आहे. सही करा, विषय संपेल."

जहाज गेलं त्याचं मला एवढं लागलं नाही. हा कागद लागला. अपमान त्यांनी करायचा, आणि आजार माझ्या फाइलला लावायचा, तोही माझ्याच सहीनं. उद्या कामावरून काढायला हाच कागद कामाला येणार. पूर्वीची मी असते तर सही केली असती. मी पेन घेतलं. त्यांना वाटलं झालं. मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं. 'मी आजारी नाही. मी माघार घेतलेली नाही. फक्त चार कामगारांची शौच तपासणी, केसांची आणि अंगाची तपासणी करायला सांगितली. ती जहाजाच्या किंवा कुठल्याही देशाच्या नियमात नाही. मी नकार दिला म्हणून मला काढलं. बोर्डवरची नोटीस खोटी आहे, ती उतरवावी.' खाली सही, तारीख. शबानानंही तेच लिहिलं, तिच्या अक्षरात. मोबाईलवर दोन्हींचे फोटो काढले. आवक विभागात नेऊन पोच घेतली. मग परत येऊन म्हणलं, "आमचे पासपोर्ट द्या." मॅडमनी कपाट उघडलं. या वेळी डबीसारखे वरून सोडले नाहीत. हातात दिले.

नोटीस तिसऱ्या दिवशी उतरली. माफी कुणी मागितली नाही. मी वाटही बघितली नाही. माझी बदली स्टोअरमध्ये झाली, बसून पेट्या मोजायचं काम. ही शिक्षा आहे, हे मला कळतं. त्यांनाही कळतं की मला कळतं.

अंकुशभाऊ परत आले. समुद्राचे फोटो दाखवले. चांगले होते. मग हळूच म्हणले, "ताई, डबी दिली तरी आमचं टेबल येगळंच हुतं."

मी फोन त्यांच्या हातात परत दिला.

माझा पासपोर्ट दहा वर्षं चालेल. मी त्या जहाजावर जाणार आहे. कंपनीनं नेलं तर कंपनीच्या यादीतून, नाहीतर माझ्या जिवावर, नवऱ्याला घेऊन. माझे फॉर्म मी भरीन, जे खरं आहे ते लिहीन. आणि जेवायच्या वेळी रांगेत माझ्या नंबराला उभी राहून पोटभर वाढून घेईन. माझ्या शेजारी बसून ज्याला घास गिळवणार नाही, त्यानं आपलं ताट उचलून दुसरीकडं जावं. मी उठणार नाही.