टॉवरखालची खुडूक कोंबडी

आमच्या शेजारणीला कोणी काहीही सांगो, ती मान वाकडी करून एवढंच म्हणते, "देखूत." म्हणजे, करून बघू.

तिच्या परसात मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा मी पन्नाशीची अल्लड पोर होते. डोक्याला ओला पदर गुंडाळून गावभर सांगत हिंडायचे, की त्या लहरींनी हिच्या कोंबड्यांची अंडी आतल्या आत शिजतात. बाया तिची अंडी उबवायला नेईनाशा झाल्या.

ती भांडली नाही. कोळसा घेऊन माझ्याच दारात आली.

"तुन्ही अंडी दे, बाई. वर रेघ बी तूच मार. मन्ही खुडूक कोंबडी टॉवरखाले बसाडसू."

मी चांगल्या ठसठशीत रेघा मारल्या.

पिल्लं निघायच्या दिवशी अख्खी गल्ली टॉवरखाली जमली. टोपलीतून चिवचिवाट उठला आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले. तिनं फुटकी टरफलं माझ्या ओंजळीत ठेवली.

"रेघ तुन्हीच शे ना?"

"मन्हीच शे, वं माय!"

संध्याकाळपर्यंत तिच्या दारात बाया त्याच कोंबडीखाली ठेवायला अंडी घेऊन उभ्या. तिनं मात्र मान वाकडी केली आणि कोळसा पुन्हा माझ्या हातात दिला.

"एक डाव झायं. आखो देखूत."