व्याही आणि नवी सुई

जगात आलेली कुठलीही नवी वस्तू आमच्या चाकूरच्या व्याह्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय खरी मानू नये, असा सरकारनं हुकूमच काढायला हवा. नवं बियाणं आलं की हा माणूस आधी त्याची एकच ओळ पेरणार, शेजारी जुन्याची एक, आणि कोणती कुठली हे कापणीपर्यंत खुद्द सालगड्यालाही सांगणार नाही. नवा चष्मा केला तेव्हा महिनाभर जुनाही खिशात. एकच पेपर दोनदा वाचायचे. माझ्या मुलीच्या सोयरिकीला आम्ही नांदेडहून पाचजण गेलो, तर प्रत्येकापुढे चहाचे दोन-दोन कप. "एक जुनी पत्ती हाय, एक नवी. कोणती कुठं, ते सांगू न्हाई. पिऊन बोला." चुकीचं बोललो तर सोयरीक मोडते की काय, या धास्तीनं मी दोन्ही कप घटाघटा संपवले आणि "लई चांगला" म्हणालो. "पर कोणता?" असं विचारून त्यांनी मला आणखी दोन पाजले.

गेल्या वर्षी माझ्यावर वेळ आली. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सगळं बरं चाललं होतं, आणि रक्ताच्या तपासणीतला आकडा पुन्हा चढू लागला. रोग कुठंतरी परतला होता, पण नेहमीच्या स्कॅनमध्ये काही दिसेना. आणि जागाच कळेना तर किरणांचा शेक देणार कुठं? हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, "एका नव्या किरणोत्सारी औषधाची पारख चाललीय. शिरेत टोचलं की ते रोगाच्या जागी जाऊन बसतं, आणि स्कॅनमध्ये ती जागा उजळते. भाग घ्यायची सक्ती नाही." मी साफ नाही म्हणालो. या वयात प्रयोगाचा उंदीर कशाला व्हायचं? बायको रडली, मुलीनं सासऱ्यांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी स्वारी हजर. संमतीचे सगळे कागद त्यांनी चष्मा पुसून-पुसून वाचले आणि मला घेऊन थेट डॉक्टरांपुढे उभे राहिले.

"स्कॅनचं जुनं औषध आन हे नवं, दोन्ही ह्याच माणसाला टोचणार?"

"हो, काही दिवसांच्या अंतरानं."

"आन फोटो बघणाऱ्याला म्हाईत असतंय का, कोणता कशाचा?"

"नाही. त्यांना मुद्दामच सांगत नाही."

व्याह्यांनी टेबलावर थाप मारली. "इवाई, करा सही! हे लोक माझंच काम करून राहिले!" इतका आनंद त्यांना पोराच्या लग्नातही झाला नव्हता. मी सही केली, ती निम्मी भीतीनं आणि निम्मी भिडेखातर.

जुन्या औषधाच्या फोटोत काहीच नव्हतं. नव्याच्या फोटोत ओटीपोटातल्या मुगाएवढ्या गाठीत एक ठिपका. नेमका तिथंच शेक दिला, आणि आकडा उतरला. देवाशपथ, त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

परतताना गाडी मुदखेडला थांबली, तेव्हा मी म्हणालो, "इवाई, तुमच्यामुळं वाचलो बघा."

"माझ्यामुळं कशाचं? तुमच्या आधी ज्यांनी ते टोचून घेतलं, त्यांच्यामुळं. त्यातल्या कितीकांना काही फायदाबी झाला नसंल. मी डॉक्टरला त्यांची नावं पुसली. सांगता येत न्हाईत म्हणले."

गाडी सुटली. त्या बिननावाच्या माणसांना हात कुठं बघून जोडावेत, मला कळेना. समोर व्याहीच बसले होते, म्हणून त्यांनाच जोडले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि नांदेड येईपर्यंत सोडले नाहीत.