मशीनकाकांची चिठ्ठी

माझ्या काकांनी चौतीस वर्षं थिएटरात मशीन चालवलं, म्हणून सगळे त्यांना मशीनकाका म्हणतात. थिएटर बंद पडलं, पण त्यांचं पडद्याचं वेड काही सुटलं नाही. कुणाला घरी प्रोजेक्टर घ्यायचा असला की आधी काकांना बोलावणं. काका भर दुपारी जातात, खिडक्यांचे पडदे ओढतात आणि खोलीच्या मधोमध पेपर उघडून बसतात. मथळे वाचता आले तर जास्त उजेडाचं मशीन हवं, नाही आले तर साधं चालेल. मग टेप काढून भिंत ते भिंत मोजतात, कोण कुठे बसणार ते विचारतात आणि लाल पेन्सिलीने चिठ्ठी लिहून देतात. भीडभाड ठाऊक नाही. एका हौशी घरमालकाला म्हणाले होते, "एवढ्याशा खोलीत एवढा पडदा? नायकाच्या नाकाशिवाय काही दिसायचं नाही."

चिठ्ठी घेऊन लोक जायचे डोअरकीपरच्या दुकानात. हा काकांचा जिवाभावाचा दोस्त. पूर्वी त्याच थिएटरच्या दारावर तिकिटं फाडायचा, आता प्रोजेक्टर विकतो, तरी नाव तेच राहिलं. मला तो पहिल्यापासून गोडबोल्या वाटायचा, पण काकांसमोर त्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती.

मग आत्या, म्हणजे काकांची थोरली बहीण, अंथरुणाला खिळली. नजरही अधू झालेली. टीव्हीतली माणसं तिला मुंग्यांएवढी दिसायची. काका म्हणाले, "समोरच्या भिंतीवर ताईला माणसाएवढी माणसं दाखवतो." तिच्या खोलीत त्यांनी अख्खी दुपार घालवली. मशीन ठेवायला जागा एकच, पलंगाच्या उशाशी असलेलं फडताळ. तिथून समोरची भिंत नऊ फूट. चिठ्ठीत त्यांनी दोनदा अधोरेखित करून लिहिलं, 'भिंत नऊ फूट. जवळून मोठं चित्र पाडणारंच मशीन. दुसरं चालणार नाही.' नेमका त्याच आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला, आणि मशीन बसवायला डोअरकीपर एकटाच गेला.

तीन आठवड्यांनी काका लंगडत त्याचे आभार मानायला निघाले. मी सोबत होते. दुकानात काउंटरमागे काकांच्या चिठ्ठ्या काचेखाली लावलेल्या, वर पाटी, 'मशीनकाकांची पसंती'. प्रत्येक चिठ्ठीशेजारी विकलेल्या मशीनचा फोटो. काका हरखले. मग आत्याच्या चिठ्ठीशी येऊन थांबले. शेजारी सभागृहात लावतात तसलं, लांबून चित्र पाडणारं मशीन होतं.

"हे बसवलंस ताईकडे?"

"अरे, पडून होतं कधीचं," डोअरकीपर म्हणाला. "चित्र येतंय ना?"

"मी नऊ फूट लिहिलं होतं."

"तू पण ना! लोक तुझं नाव बघतात. चिठ्ठी वाचतो कोण?"

"म्हणजे बाकीच्यांनाही..."

डोअरकीपरने चहा मागवायला फोन उचलला. माझं डोकंच फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोलले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. काकांनी मात्र एकेक चिठ्ठी काचेखालून काढली, खिशात घातली आणि चहा न घेता बाहेर पडले. विश्वासातल्या माणसाने असा गळा कापला की भांडायलाही अंगात जोर उरत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तिथून आम्ही थेट आत्याकडे गेलो. भली मोठी पांढरी भिंत, आणि तिच्या मधोमध उशीच्या अभ्र्याएवढं चित्र. आत्या डोळे बारीक करून त्यात काहीतरी शोधत होती.

काका पलंगाच्या कडेला बसले. "ताई, एवढंसं चित्र! तीन आठवड्यांत एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलू?" आत्या म्हणाली. "मशीन तू निवडलेलं. ते कसं चुकेल? मला वाटलं, माझेच डोळे गेले. डॉक्टरांनी दिलेले थेंबसुद्धा बंद केले रे मी."