मामांचा तळपाय

श्रावणातल्या एका रविवारी मी परभणीहून पालमला मामांच्या दुकानात गेले होते. गुडघ्यांमुळे मामा हल्ली गादीवर स्टूल ठेवून बसतात. त्यांच्या उजव्या पायाखाली, पांढऱ्या चादरीवर, मला रुपयाएवढा ओला डाग दिसला...

विचारलं तर म्हणाले, चहा सांडला. चहाचा डाग तसा नसतो.

मामांचं कापडाचं दुकान, आणि माझी पहिली शाळा तीच. लहानपणी मी शाळेच्या दारातूनच रडत परत यायचे, म्हणून आईनं मला वर्षभर मामांकडे ठेवलं होतं. कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं मामा फळीवर अक्षर काढायचे, मी त्यावरून बोट फिरवायचे. गिऱ्हाईक ताटकळायचं, पण माझा 'ळ' नीट आल्याशिवाय मामा उठायचे नाहीत.

आजही कोऱ्या कापडाचा वास आला की त्या दुपारी आठवतात. रचलेल्या थानांच्या, कापडाच्या ताग्यांच्या, सावलीत मी, समोर मामा, आणि त्यांचं ते न चिडता म्हटलेलं "पुन्हा काढ"...

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीनं मात्र मामाच्या पायाला हात लावायचा नसतो. मी सहा वर्षांची होते तेव्हाही एसटीतून उतरले की मामा स्टँडवरच वाकायचे, आणि मी लाजून मामीच्या पदरात तोंड लपवायचे.

दोन वर्षांपूर्वी मामांची बायपास झाली. शुगर तर जुनीच. रोज दोन्ही तळपाय बघायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मामीला मोतीबिंदू, मामांचे गुडघे वळत नाहीत, आणि मी बघते म्हटलं की मामांचं एकच... "मला पाप लागंल, माय."

मग मी त्यांना एक तक्ता करून दिला. गोळ्या, चालणं, पाय बघणं, प्रत्येकापुढे रोज एक खूण करायची. दर रविवारी मी तो बारकाईनं तपासायचे. एकही खूण राहिलेली नसायची, आणि मला फार समाधान वाटायचं.

मामा पाय वरून बघत होते आणि खूण करत होते. मी कागद तपासत होते, पाय नाही. ही चूक माझीच होती, ती इथे लपवत नाही.

त्या रविवारी मी हटून बसले. मामा म्हणत होते, पायाला काहीच दुखत नाही. बायपासच्या वेळी त्याच पायातली नस काढून हृदयाला लावली होती, म्हणून तो बधिर झालाय, अशी त्यांची पक्की समजूत. मला भीती होती ती त्या न दुखण्याचीच. शुगरनं पाय बधिर होतो, मग जखम झाली तरी कळत नाही, हे मी ऐकलं होतं.

मामी दुकानामागच्या घरातून म्हणाली, "मला दिसत न्हाई, तुमाला वाकता येत न्हाई, अन् जिला दिसतंय तिला हात लावू देत न्हाईत. पाय काय महादेवाला दाखवणार का आता?"

मी एवढंच म्हणाले, "मामा, आज नाही बघितलं तर उद्या पाय कापायला सांगतील."

मामा स्टुलावरून उतरले, भिंतीला धरून कसेबसे वाकले आणि माझ्या पायांना हात लावला. "आधी माफ कर. आता बघ." आणि परत बसून त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला.

अंगठ्याच्या बुडाशी जखम होती. कडा पांढऱ्या, मध्ये ओली. त्यांची चप्पल उलटी केली तर तळात एक टाचणी घुसलेली, टोक आत आलेलं... तयार शर्टांना लावलेली असते ना, तसली. तीच चप्पल घालून मामा रोज सकाळी हृदयासाठी फिरायला जात होते.

मामी हळद आणायला उठली, तिला थांबवलं. मेडिकलमधून स्वच्छ पट्टी आणून झाकलं, आणि शेजाऱ्यांच्या गाडीनं लगेच परभणी गाठलं.

डॉक्टरांनी एका छोट्या यंत्रानं पायातल्या रक्ताचा आवाज ऐकला. ज्यांच्या हृदयाच्या नळ्या अरुंद होतात, त्यांच्या पायाच्याही झालेल्या असू शकतात, मग जखम भरायला रक्तच कमी पडतं, असं म्हणाले. मीही त्या आवाजाला कान लावून उभी होते. रक्त पोचत होतं. जखम हाडापर्यंत गेलेली नव्हती.

अजून आठ दिवस गेले असते तर अंगठा वाचवणं अवघड झालं असतं, असं ते म्हणाले. मग ड्रेसिंग, औषधं, जखमेवर भार येऊ नये म्हणून वेगळा बूट, आणि हृदयाची एकही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही ही ताकीद.

भरायला तीन महिने लागले. सिस्टरकडून शिकून रविवारचं ड्रेसिंग मी करायचे. पहिले काही रविवार मामा दर वेळी आधी माझ्या पाया पडायचे. शेवटी मामीच म्हणाली, पाय वाचंल पण गुडघे जातील.

गेल्या रविवारी दुकानात एक आजोबा धोतर घ्यायला आले होते. बोलता बोलता त्यांची शुगर निघाली. मामांनी हातातलं थान खाली ठेवलं आणि म्हणाले, "पाय वर घ्या. तळवा दाखवा." आजोबा संकोचले. "लाजू नका. मीबी लाजलो हुतो, अंगठा जायची येळ आलती."

मामी म्हणाली, "धोतर दाखवा आधी, पाय काय बघायलाव."

मी मोबाईलचा टॉर्च धरला. आजोबांचा पाय चांगला होता. मामांनी त्यांच्या चपला दोनदा झटकून दिल्या आणि मगच धोतर काढायला उठले... गुडघ्यांवर हात टेकून, पण दोन्ही धड पायांवर. मी टॉर्च बंद करायचा विसरून बघतच राहिले. त्या क्षणी मनातल्या मनात किती जणांचे आभार मानले, ते मोजलं नाही.