सुनंदाबाईंची ‘नको’ची वही

नगरच्या आमच्या ऑफिसात सहा टेबलं, सहा हेडफोन आणि दिवसभर फोन. ठिबक सिंचनाचे संच विकायचे. रोज इतक्या माणसांशी बोलल्यावर किस्से साठायला काय वेळ लागतो? चहाच्या सुट्टीत सांगून संपत नाहीत!

आमच्या प्रमुख सुनंदाबाई. त्यांचा कायदा एकच. दुकानात ज्याने फॉर्म भरून होकार दिला त्यालाच फोन करायचा, आणि तो ‘नको’ म्हणाला की नंबर कायमचा बंद. कॉम्प्युटरवर तर टाकायचाच, वर बाईंच्या लाल वहीतही. या वहीपायी विक्रीत आम्ही कायम शेवटचे. शाखा बंद करू, असं पुण्याच्या मुख्य ऑफिसातून दोनदा ऐकवून झालं होतं.

*

बाईंचा सख्खा भाऊ देवळाली प्रवराला. तो उसाला पाणी देत असताना आमचा फोन गेला, तर खेकसला, "परत फोन करू नका!" नंबर वहीत गेला. पुढे त्यालाच ठिबक हवं झालं.

"ताई, ऑफर हुती तर एक फोन करायचा ना!"

"बहीण म्हणून घरून रोज करीन. या टेबलावरून न्हाई. दुकानात जा, फॉर्म भर!"

गेला बिचारा, भरला!

*

भंडारदऱ्याकडचे एक आजोबा. त्यांनी पंधरा मिनिटं माझीच खुशाली विचारली. शेवटी म्हणाले, "घ्यायचं काय न्हाई पोरी. पन यादीतून माझं नाव काढू नगंस हां! दुपारचं कुनीतरी बोलतं."

*

शनिशिंगणापूरचा दुकानदार मात्र भडकला. "आमच्या घराला दार न्हाई, म्हनून फोनलाबी नसावं का?"

मी घाबरून फोन बाईंना दिला. "दादा, शब्द देते. इथून पुन्हा फोन येणार नाही," त्या म्हणाल्या.

*

मग एकदा पुण्याचे साहेब आले. वही चाळून म्हणाले, "हीच तर गिऱ्हाईकं! आजच फोन लावा, नाहीतर ऑफिसला कुलूप."

"कुलूप लावा साहेब. फोन नाही लावणार."

नोकरी जाणार हे दिसत होतं, पण खरं सांगते, बाईंचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता!

साहेबांनी स्वतःचाच मोबाईल काढला, स्पीकर लावला आणि वहीतला एक नंबर फिरवला. नेमका शिंगणापूरचा!

"नमस्कार, नगरच्या ठिबकच्या ऑफिसातून बोलतोय..."

"खोटं बोलू नको! तिथल्या बाईंनी मला शब्द दिलाय. त्या ऑफिसातून फोन यायचाच न्हाई. तू फ्रॉड हायेस! नंबर देतो पोलिसात!"

साहेबांनी घाम पुसत मोबाईल बाईंपुढे धरला. "अहो, सांगा ना त्यांना, मी खरा आहे म्हणून!"

बाईंनी वही मिटली. "मी कशी सांगू साहेब? त्यांच्याशी बोलायची आपल्याला परवानगी नाही."