सुनंदावहिनी कुठल्याच क्वेरीत येत नाहीत

माणसाचे तीनच प्रकार असतात असं ज्या कुणी ठरवलं, त्याने आमच्या लिंबायत वस्तीतल्या एका तरी खोलीत डोकावून बघायला हवं होतं. अविवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित. बस! आमच्या मंडळाच्या वधू-वर केंद्राच्या छापील फॉर्मवर हेच तीन होते. मंडळाचे अध्यक्ष अप्पा मला म्हणाले, "कॉम्प्युटरमध्येही हेच टाक. जास्त डोकं लावू नको."

मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. व्हिज्युअल बेसिक, अ‍ॅक्सेस, आणि प्रत्येक बटणामागे कोडमध्ये मी लिहिलेली एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न: अमुक अटीत बसतील तेवढी नावं दाखव. समाज बदलायला एवढं पुरे, असं मला वाटायचं! केंद्राची खोली कापडाच्या कारखान्याच्या माडीवर. खाली लूम सुरू झाले की वर मॉनिटर थरथरायचा. अशा खोलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते स्वतःच जिना चढून येतात.

माहिती भरायला सुनंदावहिनी होत्या, गोडादऱ्याच्या. प्लेगच्या साली सगळं शहर पळालं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने त्यांना आणि आईला रेल्वेत बसवलं आणि तो पाणी आणायला खाली उतरला. गाडी सुटली. तो आला नाही. त्यानंतर कधीच नाही. सासू-सून दोघीच राहायच्या.

एकदा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, वाट बघून मी थकले. माझंही नाव टाकू का?"

"टाका की!"

त्यांनी टाकलं. 'वैवाहिक स्थिती'चा रकाना मात्र कोरा ठेवला.

* * *

एक वडील मुलीला घेऊन आले. मुलगा नोकरीवाला हवा, घर स्वतःचं हवं, व्यसन नको, एकत्र कुटुंब नको. मी अटीला अट जोडत गेलो आणि बटण दाबलं. स्क्रीन रिकामी!

"मशीन बिघडलं तुमचं!"

"मशीन ठीक आहे काका," वहिनी म्हणाल्या, "एखादी अट सोडून बघा."

काकांनी बराच विचार केला. मुलगी बोटाला ओढणी गुंडाळत बसली होती.

"मग व्यसनाची सोडा. घराची राहू द्या."

* * *

'रंग गोरा' अशी अट घातली की भराभर नावं यायची. मी वैतागून एकदा रंगाची अटच काढली, तरी जवळजवळ तेवढीच आली. वर्षभर उन्हात हिंडणारा अख्खा समाज कागदावर गोरापान!

'सावळी' शोधलं तर एकच नाव आलं. वहिनींचं.

"अहो, तुम्ही तरी गोरं लिहायचं!"

"एवढं एक तर खरं लिहिता आलं, भाऊ. तेही खोटं लिहू?"

* * *

नवागामचा एक विधुर आला. बायको बाळंतपणात गेलेली, मुलगी लहान. विधवा चालेल म्हणाला. तशी क्वेरी चालवली. वहिनींचं नाव नाही. मग मुद्दाम उलटी चालवली: अविवाहित नसलेल्या सगळ्या दाखव. तरी नाही!

मला कारण माहीत होतं, ते मी तावातावाने सांगितलं. "कोऱ्या रकान्याचं असंच असतं, वहिनी. 'आहे का' विचारलं तरी तो गप्प, 'नाही का' विचारलं तरी गप्प. दोन्हीकडून गळतो."

वहिनींची बोटं कीबोर्डवर थांबली.

"घरीपण असंच आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा फॉर्म भरायला लागल्या.

मी तिथेच कोड उघडला आणि क्वेरीला एक तुकडा जोडला: किंवा रकाना कोरा असेल तर. बटण दाबलं. वहिनींचं नाव आलं!

विधुराने स्क्रीनवरचं नाव वाचलं, मग शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. "ह्याच का त्या? माझी हरकत नाही. यांना विचारा." वहिनींनी मान खाली घातली. नाही म्हणाल्या नाहीत.

अप्पा भडकले. "हिचा नवरा उद्या दारात उभा राहिला तर? काढ ते!"

"मग 'नवरा बेपत्ता' असा चौथा प्रकार टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे, अप्पा!"

"तुझ्या मशीनमध्ये पाच मिनिटं. लोकांच्या तोंडाचं काय?" अप्पा बसले, थोडे नरमले. "कोर्टाचं कोर्टात बघू. समाजात आईचा शब्द चालतो. हिच्या सासूने येऊन सांगू दे, माझा मुलगा गेला म्हणून. विधवा लिहू, उद्याच बोलणी करू."

* * *

सासूबाई आल्या. कठड्याला धरून एकेक पायरी चढत आल्या. अहिराणीशिवाय त्या काही बोलत नसत. अप्पांनी सगळं समजावलं. विधुर कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता.

वहिनी उठल्या. "आई, ऱ्हाऊ द्या. घर चला."

सासूबाईंनी त्यांना हात धरून परत बसवलं. मग मला विचारलं, "कोठे लिखतस?"

मी रकाना दाखवला. कर्सर लुकलुकत होता. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, जणू धूळ पुसली. खाली लूम बंद होते, जेवणाची सुट्टी असावी.

मी कीबोर्डवर बोटं ठेवली.

त्यांनी माझा हात धरला.

"लिखी टाक, भाऊ. पन पहिले माले जिना उतरी जाऊ दे."